बोकड अंग झाडेना

देवराम विशेला वाईट बातमी सांगता येत नसे. हे सावरखोंडात पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्याचा मामा वारला तेव्हा थोरल्या बहिणीला कळवायला त्याला मुरबाडकडं पाठवलं होतं. तिथं तो पोटभर जेवला, यंदाच्या भाताच्या राबावर बोलला, भाच्याला खांद्यावर घेऊन गावातून फिरवून आणलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आला. बहिणीला बातमी तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळली. ती आली ती आधी देवरामवर तुटून पडली आणि मग मामासाठी रडली.

असं असूनही २००३ सालच्या चैत्रात, गावदेवीची जत्रा आठ दिवसांवर आली असताना, त्याच्या मुलानं, हरेशनं, नेमकं त्यालाच असलं काम सांगितलं.

सावरखोंड किन्हवलीपासून तीन मैल आत. पन्नासेक घरं कुणब्यांची, वर डोंगराच्या कुशीला ठाकरांची वाडी आणि ओढ्याच्या काठाला एकच घर लतीफ मुल्लाचं. जत्रेला देवीला मानाचा बोकड लागायचा. तो देवरामच्या घरी वाढायचा आणि मुल्लाच्या हातून कापला जायचा. लतीफच्या बापानं कापला, त्याच्या आज्यानं कापला. मुल्लानं बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवली तरच जुनी माणसं ते मटण तोंडात घालत. हिंदूंच्या देवीचा बोकड मुसलमानाच्या हातून का, असं गावात कधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

देवराम आणि लतीफ दोघंही साठीचे. चौथीपर्यंत एका बाकावर बसले आणि चौथीत दोघंही एकदमच नापास झाले. त्र्याण्णव सालच्या जानेवारीत मुंबईच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा देवराम कुणाला न विचारता घोंगडी आणि काठी घेऊन लतीफच्या ओटीवर राहायला गेला. आठ दिवस राहिला. सावरखोंडात कुणी आलं नाही, काही झालं नाही. फक्त देवरामच्या घोरण्यानं लतीफच्या घरातल्या कुणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. "दंगल परवडली असती," असं लतीफची बायको पुढं कित्येक वर्षं सांगायची आणि सांगता सांगता त्याला चहा द्यायची.

हरेशचं वय तेव्हा पंधरा-सोळा होतं. आता तो आसनगावच्या एका कंपनीत कामाला होता आणि त्यानं गावात नवतरुण मंडळ काढलं होतं. शहापूरला सुट्टीच्या दिवशी कुठं कुठं भाषणं व्हायची, ती ऐकून तो यायचा. जत्रेच्या आधी मंडळाची शाळेत बैठक झाली आणि ठराव झाला, की देवीचा बोकड यंदापासून आपल्याच माणसाच्या हातून कापायचा.

"बाबा, लतीपचाचाला तुमी सांगा," हरेश जेवताना म्हणाला. "तुमचा दोस्त हाय. आमी सांगितलं तर त्याला वाईट वाटंल."

देवरामचा घास हातातच राहिला. "आणि मी सांगितलं तर बरं वाटंल?"

चुलीजवळ बसलेल्या सकुबाईनं, म्हणजे देवरामच्या आईनं, मान वर केली. ऐंशी पार झालेली म्हातारी, कान मात्र तिखट. "मग कापनार कोन?"

"मी," हरेश म्हणाला.

"तू कोंबडी तरी कापलीस काय रे कधी?"

"शिकता येतं आजी."

"शीक. पण मुल्लाचा हात लागला नाय तर मी खानार नाय. मी आपली वालाच्या आमटीशी खाईन. जत्रेच्या दिवशी म्हातारी वाल खात बसली, असं लोक बोलले तर बोलू दे."

हरेशनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. देवरामला मात्र रात्रभर वाल दिसत राहिले.

इकडं ओढ्याकाठी लतीफच्या घरातही बोकडाचाच विषय चालला होता. लतीफचा पुतण्या मुनाफ त्याच्याच घरात वाढलेला. तोही आसनगावच्या त्याच कंपनीत, हरेशच्याच पाळीला. दोघं एकाच मोटारसायकलवर जायचे-यायचे, पेट्रोल निम्मं निम्मं टाकायचे. मुनाफही सुट्टीच्या दिवशी शहापूरला जायचा. तिथं बाहेरून माणसं यायची, मशिदीत बसून दीन, म्हणजे धर्म, समजावून सांगायची. त्यांनी सांगितलेलं मुनाफनं मनावर घेतलं होतं.

"चाचा, देवीपुढं जाऊन सुरी चालवायची नाय आता," त्यानं सांगितलं. "गुनाह हाय तो. तुला ठाऊक नव्हतं तवरचं माफ असंल. आता ठाऊक झालं."

"तूच सांगितलंस म्हणून ठाऊक झालं ना," लतीफ म्हणाला. "नसतं सांगितलंस तर चाललं असतं."

"देवरामकाकाला सांगून टाक, यंदापासून येत नाय म्हणून."

लतीफला वाईट बातमी सांगता यायची. त्याला फक्त देवरामला नाही म्हणता येत नसे.

हरेश आणि मुनाफ रोज एकमेकांना चिकटून बसून सोळा मैल जात होते. क्रिकेटवर बोलत, सुपरवायझरला शिव्या देत. बोकडाबद्दल मात्र दोघांपैकी एकानंही चकार शब्द काढला नाही. दोघांनाही वाटत होतं, हे आपण बोललो तर याला लागेल.

शेवटी देवराम एके दिवशी सकाळी उठून ओढ्याकाठी गेला. लतीफ ओटीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. देवरामला येताना बघून तो धास्तावला. पण बरंही वाटलं, की चला, आता सांगून टाकू.

"ये," तो म्हणाला. "गुडघे लय दुखतात रे."

देवरामला वाटलं देवीच पावली. "मग आराम कर ना. जत्रेला एवढं चढून यायचं, उन्हातानाचं... काय गरज हाय?"

आता खरं तर दोघांचंही काम झालं होतं. लतीफनं "बरं" एवढंच म्हणायचं होतं. पण देवरामचा चेहरा इतका पडलेला होता की लतीफला वाटलं, हा आपल्या दुखण्यानं हळहळला. आपण येणार नाही म्हणून याला आत्ताच वाईट वाटायला लागलं.

"छे छे!" तो म्हणाला. "गुडघ्याचं काय, चालायचंच."

"नाय, म्हंजे, तुज्या जिवाला तरास..."

"तुज्या घरचा बोकड आणि मी तरास बघू?"

"पण एखाद्या वर्षी नाय आलास तर..."

"तर तू मला काय म्हणशील?"

देवरामनं खरं तर "काय नाय म्हणनार" असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण लतीफ त्याच्याकडं अशा नजरेनं बघत होता, की देवरामला वाटलं, याला कुठून तरी कुणकुण लागली आणि हा मला जोखतोय. घाबरून तो बोलून गेला, "तुज्याबिगर बोकड कापला जाईल काय रे? येशील ना तू?"

"येनार म्हंजे? येनारच!" लतीफ म्हणाला.

मग चहा आला. मग देवराम घरी आला.

"सांगितलं?" हरेशनं विचारलं.

"बोलणं झालं," देवराम म्हणाला, आणि तडक गोठ्यात गेला.

संध्याकाळी मुनाफनं लतीफला विचारलं, "सांगितलंस?"

"झालं बोलणं," लतीफ म्हणाला, आणि गुडघ्याला पुन्हा तेल लावायला घेतलं.

जत्रेचा दिवस मंगळवार होता. सकाळी नऊलाच ऊन असं तापलं होतं की देवळाच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. पाहुणे आले होते, ठाकरवाडीतली माणसं ढोल घेऊन उतरली होती, खेळण्यांची दोन आणि बर्फाच्या गोळ्याची एक गाडी लागली होती. देवळामागं तीन चुलींवर पातेली चढली होती आणि बायका खोबरं भाजत होत्या.

देवराम पातेली बघायला म्हणून मागं गेला आणि जागीच थिजला. जांभळाच्या झाडाखाली, डोक्यावरून पंचा ओढून, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन लतीफ बसला होता.

"आलो," लतीफ कुजबुजला.

"बरं झालं," देवरामही कुजबुजला. "पण इथंच बस जरा. तिकडं ऊन लय हाय."

"इथंच बरा हाय मी," लतीफ लगेच म्हणाला.

आपण का कुजबुजतोय हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

देवळापुढं हरेश नवा पांढरा सदरा घालून उभा होता. हातात कोयता. चेहरा सदऱ्याच्याच रंगाचा. बोकडाला हळदकुंकू लागलं, गळ्यात झेंडूची माळ पडली. आता एकच राहिलं होतं. बोकडाच्या पाठीवर पाणी ओतायचं आणि त्यानं अंग झाडायचं. त्यानं अंग झाडलं, की देवीनं मान्य केला. त्याशिवाय सुरी लावायची नाही. हा नियम मंडळानंही बदलला नव्हता, कारण तो बदलायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

देवीची पूजा करणाऱ्या नामा भगतानं तांब्याभर पाणी बोकडाच्या पाठीवर ओतलं. ढोल थांबले.

बोकड उभा राहिला.

दुसरा तांब्या ओतला. चैत्रातल्या त्या उन्हात बोकडाला गार पाणी इतकं बरं वाटलं, की त्यानं डोळे मिटून घेतले. तिसऱ्या तांब्याला तो नामा भगताच्या अंगाशी सरकला, अजून ओत म्हणाल्यासारखा. मग त्यानं गळ्यातल्या माळेतलं एक झेंडूचं फूल ओढून खाल्लं.

"देवीचा हुकूम नाय," नामा भगत म्हणाला.

"पाणी कोमट झालंय," हरेश म्हणाला. "बर्फ आणा."

गोळेवाल्याकडून बर्फ आला. बादलीत टाकून ते पाणी एकदम ओतलं. बोकडानं एक पाय उचलला, सगळ्यांनी श्वास रोखला, त्यानं पाय खाली ठेवला. जमिनीवर पडलेला बर्फाचा खडा मग तो सावकाश चाटत बसला. मागं कुणीतरी खुदकन हसलं. हळूहळू सगळी जत्राच हसायला लागली. हसला नाही फक्त हरेश. त्यानं कानात फुंकर घालून बघितली, शेपटीवर पाणी टाकून बघितलं. बोकड न्हाऊन सुखी झाला होता.

अर्धा तास गेला. पाहुणे सावलीला सरकले. सकुबाई देवळाच्या पायरीवर बसली होती, ती मोठ्यानं म्हणाली, "ज्याचं काम त्याला बोलवा. देवी माझ्यापेक्षा म्हातारी हाय. तिला नवीन माणूस वळखू येत नाय."

तेवढ्यात खालच्या चढावरून मोटारसायकलचा आवाज आला. मुनाफ होता. चाचा घरात नाही, सुरी खुंटीला नाही, हे बघून तो निघाला होता. त्याला एकच घाई होती, चाचाच्या हातून गुनाह व्हायच्या आत पोचायचं. माणसं दोन्हीकडं पांगलेली, त्यामुळं वाट मोकळी होती. मोकळ्या वाटेच्या मध्यभागी बोकड होता. मुनाफनं करकचून ब्रेक मारला आणि अंगठा हॉर्नवर दाबून धरला.

बोकडानं शिंगांपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं, की हरेशचा सदरा, नामा भगताचं धोतर आणि मुनाफचा चष्मा, सगळं एका दमात भिजलं.

"झाडला! झाडला!" जत्रा ओरडली. ढोल सुरू झाले. नामा भगतानं हात वर करून ते थांबवले आणि मुनाफच्या कपाळाला भंडारा लावायला पुढं झाला.

"ज्याच्या येण्यानं झाडला, त्याच्या हातानं," तो म्हणाला. "देवीनं माणूस दावला."

मुनाफ गाडीवरून मागं सरकला. "मी? मी तर थांबवायला आलो!"

"हॉर्ननं झाडला तो!" हरेश ओरडला. "हुकूम नाय, हॉर्न हाय!"

"कशानं झाडायचं ते देवी ठरवंल," नामा भगत शांतपणे म्हणाला. "तू नको शिकवू."

मुनाफनं चष्मा पुसत हरेशला विचारलं, "माझा चाचा कुठाय? तुमी त्याला बोलवलंत ना?"

"आमी कशाला बोलवू? आमी तर त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. चार-पाच दिवस झाले. बाबांनी सांगितलं."

"खोटं! चाचानंच तुज्या बाबाला सांगितलं, की येनार नाय म्हणून."

"आमाला कोण बोललं नाय तसं."

"आमालाबी कोण बोललं नाय."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनीही देवरामकडं बघितलं. त्यांच्याबरोबर सगळ्या जत्रेनं बघितलं. देवरामला वाटलं, धरणी दुभंगावी. धरणी काही दुभंगली नाही, पण देवळामागून पंचा बाजूला करत लतीफ बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे देवराम," तो म्हणाला, "तू मला नको म्हणायला आला व्हतास त्या दिवशी?"

देवरामची मान खाली गेली. लतीफ जवळ आला आणि पायरीवर, सकुबाईच्या शेजारी, जड जड खाली बसला. त्याचा चेहरा असा झाला होता, की हसणारी माणसं आपोआप गप्प झाली. नको म्हटल्याचं त्याला नवल नव्हतं. तसं वारं होतं, त्याला दिसत होतं. ते वारं देवरामच्या घरातून आलं, याचं त्याला लागलं होतं.

"आणि तू?" देवराम बारीक आवाजात म्हणाला. "तुला पण यायचं नव्हतं?"

आता लतीफची मान खाली गेली. "पोरगं बोललं, गुनाह हाय."

"मग सांगायचंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला वाटलं तुला वाटंल."

हरेश कोयत्याकडं बघत होता, मुनाफ गाडीच्या आरशाकडं. आपल्या पाठीमागं बसणाऱ्या माणसानं आपल्याच विरुद्ध आपल्यासारखंच काहीतरी ठरवलं होतं, हे दोघांनाही आत्ता कळत होतं आणि रागवावं की लाजावं ते समजत नव्हतं.

"तुमा सगळ्यांचं वाईट वाटून झालं असंल," सकुबाई म्हणाली, "तर मसाला करपतोय."

त्यावर नामा भगतानं पुन्हा मुनाफला धरलं. मुनाफ काकुळतीला आला. "मला कापता येत नाय हो! मी रक्त बघितलं की मला घेरी येते."

"मला पण," हरेशच्या तोंडून निघून गेलं.

आता काय करायचं, यावर मग अख्खी जत्रा बोलायला लागली. शेवटी लतीफच उठला. तो म्हणाला, पोराच्या नावचा हुकूम हाय तर पोराच्या वतीनं मी कापतो, पण देवीपुढं नाय. पोरानं मला सांगितलंय, ते मी टाळनार नाय. नामा भगतानं ते मान्य केलं. भांडण उरलं ते जागेचं. मुनाफ म्हणाला, ओढ्यापलीकडं न्या. हरेश म्हणाला, मानाचा बोकड गावाची शीव ओलांडणार नाय. मुनाफनं ओढ्याअलीकडचा आंबा दाखवला. हरेशला तो लांब वाटला, त्यानं चिंच दाखवली. चिंचेखालून देवीचा कळस दिसतो, असं मुनाफचं म्हणणं पडलं. दोघं स्वतः चिंचेखाली जाऊन उभे राहिले, वाकून, टाचा उंचावून बघून आले. कळस दिसत होता. मग दोघांनी मिळून पावलं मोजली. हरेशची पावलं लांब आणि मुनाफची आखूड, म्हणून दोनदा मोजली. अखेर चिंच आणि आंब्याच्या मधे, एका करवंदीच्या जाळीआड जागा ठरली. तिथून देवी दिसत नव्हती आणि ती जागा गावातच होती.

"उद्यापर्यंत मोजा," लतीफ म्हणाला. "बोकड तवर म्हातारा होऊन मरंल."

बोकड धरायला दोन माणसं लागली. ज्यांनी जागा ठरवली त्यांनीच धरावा, असं सकुबाईनं पायरीवरूनच फर्मावलं. लतीफनं सुरी चालवली तेव्हा हरेशनं डोळे घट्ट मिटले होते. मुनाफनं मिटले नाहीत. त्याला धरून सावलीत न्यावं लागलं, आणि ते काम हरेशनं केलं. गोळेवाल्याचा उरलेला बर्फ त्याच्या डोक्यावर ठेवला.

दुपारी पंगत बसली. सकुबाईनं दोनदा मागून घेतलं. लतीफ मात्र जेवला नाही. दरसालचा मानेचा वाटाही त्यानं घेतला नाही. "पोराला बोललोय, देवीचं खानार नाय," एवढंच म्हणाला. देवरामला ते फार लागलं. पंगत सोडून तो उठला आणि ओढ्याकाठी लतीफच्या ओटीवर जाऊन बसला. लतीफच्या बायकोनं सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. घरचा मानाचा बोकड टाकून देवराम भाकरी-चटणी खाऊन आला. हरेशला ते कळलं.

लतीफ पुढं तीन वर्षं त्या करवंदीच्या जाळीआड येत राहिला. मग गुडघ्यांनी खरोखरच साथ सोडली आणि किन्हवलीहून दुसऱ्या मुल्लाला आणावं लागलं. मंडळात त्यावरून दर चैत्राला भांडणं व्हायची, एकदा तर मुल्लाची बाजू घेतो म्हणून हरेशवरच ठराव आला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला हरेश आणि मुनाफ नेहमीसारखे निघाले. गाडी मुनाफ चालवत होता. सात-आठ मैल मागं पडले. मग हरेश मागून म्हणाला, "तुजी पावलं बारकी पडतात, म्हणून जागा चुकली. माज्या मापानं धरली असती तर जागा चिंचेजवळ आली असती, आणि तिथूनबी कळस दिसला नसता."

"दिसला असता," मुनाफ म्हणाला. "तू वाकून बघितलंस."

"वाकून तू बघितलंस."

मुनाफनं गाडी वाटेच्या कडेला घेतली आणि दोघंही खाली उतरून मातीत रेघा काढून एकमेकांना समजावायला लागले. त्या दिवशी दोघांचाही अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला.